खुरपे कोणाच्या हातात होते?

आर्वी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षिकेने एक प्रश्न विचारला आहे. शाळेत परसबाग लावायची आहे आणि त्या निमित्ताने सातवीच्या मुलांना ‘निसर्गाने घडवलेली थोर माणसे’ या विषयावर सांगायचे आहे. पण जे वाचायला मिळते त्यात प्रत्येक थोर माणूस निसर्गप्रेमी असतो, पहाटे फिरायला जातो, आणि गोष्ट तिथेच संपते. झाडामातीमुळे माणसाचा विचार खरोखर बदलतो का, की चरित्रकारांनी मागाहून खोवलेले हे फूल आहे, असे त्या विचारतात.

ताई, तुमची शंका रास्त आहे. वर्धा जिल्ह्यात बत्तीस वर्षे संत्र्याची रोपवाटिका चालवल्यावर, जंबेरी या आंबट लिंबाच्या खुंटावर हजारो डोळे भरल्यावर, म्हणजे कलमे केल्यावर, आणि त्यातले कितीतरी वाळलेले पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, निसर्ग नुसता पाहून कोणाचा विचार फारसा बदलत नाही. पाहणाऱ्याचे मन प्रसन्न होते, ते बरेच आहे, पण मन प्रसन्न होणे वेगळे आणि विचार पालटणे वेगळे. ज्यांचा विचार पालटला त्यांच्याबाबत मला दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे त्यांनी मातीतले काम स्वतःच्या हाताने केले, किंवा करणाऱ्याच्या इतके जवळ राहून पाहिले की चूक कुठे झाली ते त्यांना कळत होते. दुसरी म्हणजे त्यांच्या बागेत चूक परवडत होती. ही दुसरी गोष्ट पुस्तकांत सहसा येत नाही, आणि आपल्या भागात तीच आधी सांगायला हवी. वावरात चूक झाली की वर्ष जाते. ज्याच्या डोक्यावर सोसायटीचे आणि कृषी केंद्राचे देणे आहे, त्याला मेलेल्या रोपट्यातून तत्त्वज्ञान सुचावे अशी अपेक्षा कोणी करू नये. बागेचे तसे नाही. तिथे एक वाफा फसला तर माणूस उकिडवा बसून तो का फसला याचा विचार करू शकतो.

याचे सर्वांत चांगले उदाहरण ग्रेगोर मेंडेलचे आहे, आणि त्याच्यापाशी मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण तो माझ्या धंद्यातला माणूस आहे. तो शेतकऱ्याचा मुलगा होता आणि फळझाडांची कलमे करायला घरीच शिकला होता. पुढे ब्रनो शहरातल्या मठात साधू झाल्यावर पोटाची चिंता मिटली आणि मठाच्या आवारातला जमिनीचा एक तुकडा त्याला प्रयोगांसाठी मिळाला. तिथे त्याने १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्याची सुमारे २८,००० झाडे वाढवून पाहिली. त्याआधी दोन वर्षे त्याने बियाण्याच्या ३४ जाती लावून कोणती जात शुद्ध निघते एवढेच तपासले होते. आमच्याकडे बियाण्याची पिशवी फोडली की दुसऱ्या दिवशी पेरणी होते; दोन वर्षे नुसते बी तपासणारा माणूस आपल्याला वेडाच वाटेल.

वाटाण्याचे फूल पाकळ्या मिटलेली असतानाच स्वतःच्या परागाने फळते. संकर करायचा तर कळी वेळेआधी उघडून तिच्यातले पुंकेसर चिमट्याने काढावे लागतात, दुसऱ्या झाडाचे पराग आणून लावावे लागतात आणि कीटक येऊ नये म्हणून फूल झाकावे लागते. हे काम किती नाजूक आहे ते ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. मेंडेलने ते फुलामागून फूल केले आणि मग दुसऱ्या पिढीतले दाणे मोजले: ७,३२४ दाण्यांपैकी ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. म्हणजे जवळपास तीनास एक. आईबापांचे गुण दुधात पाणी मिसळावे तसे मिसळून जात नाहीत, ते अखंड राहतात आणि एका पिढीत दडून पुढच्या पिढीत पुन्हा वर येतात, हा विचार त्या मोजणीतून निघाला. त्याने तो १८६५ मध्ये वाचून दाखवला, १८६६ मध्ये छापला, आणि १९०० पर्यंत त्याकडे कोणी वळून पाहिले नाही. तोवर मेंडेलला जाऊन सोळा वर्षे झाली होती.

इथपर्यंतची गोष्ट पाठ्यपुस्तकात सापडते. मुलांना पुढचीही सांगा. मेंडेलने नंतर हेच प्रयोग हॉकवीड नावाच्या रानफुलावर केले आणि तिथे त्याचे गणित साफ फसले, कारण त्या फुलात बहुधा परागाशिवायच बी धरते आणि रोप हुबेहूब आईसारखे निघते. हे कोडे त्याच्या हयातीत सुटले नाही. आपल्या संत्र्याच्या बीचा स्वभाव याच्याशी मिळताजुळता आहे. संत्र्याचे किंवा जंबेरीचे एक बी पेरले तर त्यातून पुष्कळदा दोन-तीन कोंब येतात, त्यातले बरेचसे केवळ आईचे असतात आणि एखादाच आईबाप दोघांचा असतो. तो सहसा खुजा आणि वेगळ्या पानांचा असतो, आणि रोपवाटिकेत आम्ही तो उपटून टाकतो, कारण त्यावर भरलेल्या डोळ्याचे झाड इतरांसारखे वाढत नाही. मेंडेल वरुड-मोर्शीत जन्मला असता आणि त्याने संत्रा निवडला असता, तर तीनास एक हे प्रमाण त्याला कधीच दिसले नसते. तूर घेतली असती तरी पंचाईत होती. तुरीवर माश्या येतात, पांढरी आणि लाल तूर शेजारी लावली तर चार वर्षांत बियाणे भेसळते, हे कोणतीही म्हातारी सांगेल. विचाराला नुसती बुद्धी पुरत नाही, योग्य झाड हाती लागावे लागते, आणि कोणते झाड योग्य हे कळायला हाताला त्या झाडांची सवय असावी लागते.

चार्ल्स डार्विनची ओळख मुलांना गालापागोस बेटांपासून करून दिली जाते. पण जहाजावरून उतरल्यावर तो १८४२ मध्ये लंडनपासून थोड्या अंतरावर डाउन नावाच्या खेड्यात राहायला गेला आणि उरलेली चाळीस वर्षे तिथेच राहिला. त्याची खरी प्रयोगशाळा म्हणजे घराची बाग, गवताचा तुकडा आणि कुंड्या. तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद अशी जागा त्याने खणून साफ केली, तिथे उगवणाऱ्या प्रत्येक तणाच्या रोपाला खूण लावली आणि मोजत राहिला. एकूण ३५७ रोपे उगवली आणि त्यातली २९५ मेली, बहुतेक गोगलगायींनी आणि किड्यांनी खाल्ली. जगण्याची धडपड हे शब्द त्याच्या ग्रंथात येतात तेव्हा त्यांच्यामागे वाघ-हरणाच्या झुंजीइतकाच हा सहा चौरस फुटांचा तुकडाही आहे. आपण निंदण करताना हेच पाहतो, फक्त मोजत नाही.

त्याचा आणखी एक प्रयोग आपल्या लोकांना लगेच पटेल. एका तळ्याच्या काठचा तीन चमचे चिखल त्याने तीन ठिकाणांहून घेतला, सुकल्यावर त्याचे वजन सुमारे १९० ग्रॅम भरले, आणि तो त्याने सहा महिने खोलीत झाकून ठेवला. जे रोप उगवेल ते मोजायचे आणि उपटायचे. ५३७ रोपे निघाली, तीही चहाच्या पेल्यात मावेल एवढ्या चिखलातून. पाणपक्ष्यांच्या पायांना लागलेल्या चिखलातून वनस्पती एका देशातून दुसऱ्या देशात कशा जातात, याचा त्याला पुरावा मिळाला. तलावाचा गाळ आणून वावरात टाकणाऱ्या माणसाला हे सांगा, तो हसेल. गाळ टाकला की पहिल्या वर्षी निंदणाचा खर्च वाढतो, हे त्याला पक्के माहीत असते. त्या निंदणात सृष्टीच्या इतिहासाचा एक धागा आहे एवढेच कोणी त्याला सांगितलेले नसते. डार्विनने शेवटचे पुस्तक गांडुळांवर लिहिले, १८८१ मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी.

राज्यकर्त्यांबद्दल मी जरा हात राखून बोलतो. रस्त्याच्या कडेने वड आणि आमराया लावल्याचे अशोकाने शिलास्तंभावर कोरून ठेवले आहे, ते थोरच आहे, पण हुकूम देणे आणि रोप जगवणे यांत अंतर आहे. आपल्याकडे आज्ञापत्रातला झाडांचा उतारा वारंवार शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून फिरतो. ते पत्र रामचंद्रपंत अमात्यांचे आहे आणि महाराजांनंतरचे आहे. महाराजांचे धोरण त्यात उतरले असेल, पण मुलांना नेमके सांगावे. मला त्यातला मोलाचा वाटतो तो मुद्दा असा की, आंबा-फणसासारखी झाडे रयतेने लेकरांसारखी वर्षानुवर्षे जतन करून वाढवलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही, असे तिथे म्हटले आहे. आंब्याला फळ यायला किती वर्षे लागतात आणि तोवर बादलीने पाणी कोण घालते, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते.

अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन हा बागकामाच्या गोष्टींत हमखास येतो, आणि माझ्या मते त्याचीच गोष्ट सर्वांत सावधपणे सांगावी लागते. व्हर्जिनियात मॉन्टिसेलो येथे डोंगर कापून केलेल्या हजार फूट लांबीच्या पायरीवर त्याने भाजीपाल्याचे ३३० हून अधिक वाण लावून पाहिले. १७६६ पासून १८२४ पर्यंत तो बागेची वही लिहीत होता: काय पेरले, कधी उगवले, काय मेले. द्राक्षे लावायचा त्याने आयुष्यभर प्रयत्न केला आणि ती काही आली नाहीत. एखाद्या देशाची सर्वांत मोठी सेवा म्हणजे त्याच्या शेतीत एका उपयुक्त वनस्पतीची भर घालणे, असे त्याने लिहून ठेवले आहे आणि त्यात खोटे काही नाही. त्याला चूक परवडत होती, वही होती, चिकाटीही होती. पण खुरपे त्याच्या हातात नव्हते. ती पायरी गुलामांनी खणली, वाफे गुलामांनी निंदले. त्याच्या आयुष्यात सहाशेहून अधिक माणसे त्याच्या मालकीची होती. जमीन कसणारे हे देवाची निवडलेली माणसे आहेत, असे लिहिणाऱ्याला प्रत्यक्ष कसणारी माणसे स्वतःच्याच वावरात दिसली नाहीत. इतकी वर्षे बागेत राहूनही ती एक गोष्ट बागेने त्याला शिकवली नाही. म्हणून बाग माणसाला आपोआप चांगला करते असे कोणी म्हटले की मी मॉन्टिसेलोकडे बोट दाखवतो.

त्याच देशात १८६४ च्या सुमारास गुलामाच्या पोटी जन्मलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हा त्याच्यापुढे ठेवून पाहावा. लहानपणी तो आजारी रोपे जगवायचा आणि शेजारचे लोक त्याला झाडांचा डॉक्टर म्हणायचे. १८९६ मध्ये तो अलाबामातल्या टस्कीगी येथल्या शिक्षणसंस्थेत आला तेव्हा त्याच्यासमोर होती कपाशीवर कपाशी घेऊन दमलेली जमीन. हे चित्र यवतमाळच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. कार्व्हरने चवळी, भुईमूग आणि रताळी ही पिके पालटून घ्यायला सांगितले, कारण चवळी आणि भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. पण त्याला त्याहून अवघड गोष्ट कळली होती. शेतकरी कपाशी सोडत नाही तो हट्टाने नाही. कपाशी विकली जाते म्हणून सोडत नाही. म्हणून तो भुईमुगाचे पदार्थ आणि उपयोग शोधत बसला आणि १९१६ मध्ये १०५ प्रकारांची पत्रिका काढली. शेतकरी शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर १९०६ पासून गाडीवर अवजारे आणि बियाणे घालून शाळाच वावरावर नेण्यात आली. माझे वडील कपाशीच्या आठ ओळींनंतर तुरीची एक ओळ घेत आणि त्याचे कारण विचारले तर ‘घरात डाळ पाहिजे’ एवढेच सांगत. मातीचे कारण त्यांना माहीत नसेल असे मला आता वाटत नाही. ते न सांगता करत होते.

जोतीराव फुल्यांचे आडनावच मुळी फुलांच्या धंद्यातून आले. त्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिले तेव्हा ते अमेरिकेत गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केले, म्हणजे मॉन्टिसेलोच्या वाफ्यांत जे दडले होते ते पुण्याच्या या माळ्याला स्पष्ट दिसत होते. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये कर, कर्ज आणि कारकुनांची लूट यांवर ते तुटून पडतात, एवढे सर्वांना माहीत असते. पण मातीबद्दलची त्यांची निरीक्षणे वाचावी. डोंगरावरचा पालापाचोळा, मेलेल्या जीवांचे कुजलेले अंश हे पावसाबरोबर वाहून शेतात येत आणि जमीन पोसत. ते खत वाया जाऊ नये, पाणी जमिनीत मुरावे म्हणून सरकारने शिपायांना लावून ठिकठिकाणी ताली आणि बंधारे बांधून घ्यावेत, असे ते मांडतात. ज्याने धुरा, म्हणजे शेताचा बांध, फुटून वरची सुपीक माती ओढ्यात गेलेली पाहिली आहे त्याचेच हे वाक्य असू शकते. जाता जाता सांगतो, असे पाणी अडवण्याचे काम आपल्या झाडीपट्टीत कोहळी समाजाने त्याच्या कितीतरी आधी केले होते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांतले जे तलाव आज मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव म्हणून ओळखले जातात, त्यांतले अनेक त्यांच्या हातचे आहेत. त्यांच्यातल्या कोणाचा ग्रंथ नाही. पाळ, सांडवा आणि पाणी सोडायचे दार हेच त्यांचे लिहिणे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. गांधीजी कुशल शेतकरी होते असे मी म्हणणार नाही. त्यांना मातीकडे वळवले ते १९०४ मध्ये आगगाडीत वाचलेल्या एका पुस्तकाने, म्हणजे सुरुवात कागदावरच झाली. पण ते कागदावर थांबले नाहीत. त्याच वर्षी दरबानजवळ फिनिक्स येथे शंभर एकरांवर वस्ती उभी राहिली आणि १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ ११०० एकरांचे टॉलस्टॉय फार्म सुरू झाले. तिथे संत्री, जर्दाळू, आलुबुखार अशी सुमारे हजार फळझाडे होती. तुरुंगात गेलेल्या सत्याग्रह्यांची कुटुंबे कमी खर्चात जगली पाहिजेत ही गरज होती, आणि खड्डे खणण्याचे बरेचसे काम मुले करत. चळवळ चालवायची तर आधी भाजी पिकवता आली पाहिजे, हा धडा त्यांनी तिथे घेतला आणि १९३६ मध्ये तो सेगावला आणला. सेगावचे नाव पुढे १९४० मध्ये सेवाग्राम झाले, कारण शेगावच्या टपालाशी घोटाळा होत असे.

बाभळीची एक गोष्ट गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी लिहून ठेवली आहे. पिंजणाच्या तातीला चोळण्यासाठी रात्री थोडा बाभळीचा पाला हवा होता. आणणाऱ्याने मोठी डहाळीच मोडून आणली, आणि तिची पाने मिटलेली होती. झाडेही रात्री विसावतात, आणि लागतो त्याहून जास्त पाला का तोडला, यावर गांधीजींनी त्यांना चांगलेच ऐकवले. मला यात भूतदयेपेक्षा हिशेब जास्त दिसतो. चार पानांचे काम असेल तर चार पाने. हाच हिशेब वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींचे सहकारी जे. सी. कुमारप्पा यांनी अर्थशास्त्रात नेला. अमेरिकेत शिकलेला हा हिशेबतपासनीस वर्ध्यात ग्रामोद्योगांत रमला, आणि तुरुंगात लिहिलेल्या आपल्या ग्रंथात त्याने अर्थव्यवस्थांचे प्रकार निसर्गातून घेतले. काहीही न लावता आंब्याच्या किंवा संत्र्याच्या बागेत शिरून फळे खाणारे माकड हे त्याचे लुटारू अर्थव्यवस्थेचे उदाहरण आहे. काटोलपासून आर्वीपर्यंत कोणालाही त्याचा अर्थ विचारा.

त्याच्या थोडे आधी इंदूरला आल्बर्ट हॉवर्डने कापसाच्या संशोधन केंद्रात कंपोस्टची पद्धत बसवली होती, आणि १९३५ मध्ये गांधीजींनी ती ‘हरिजन’ मधून लोकांपुढे ठेवली. शेतकरी आणि किडी हेच आपले प्राध्यापक, असे हा इंग्रज म्हणायचा. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, कडक असते, लवकर कुजत नाही; म्हणून ती रस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली भरडून घ्यायची आणि मग शेणासोबत थर लावायचे, असे त्याने केले. आपण अजूनही पऱ्हाटी धुऱ्यावर जाळतो.

विनोबांची गोष्ट मात्र खोलात जाऊन सांगण्यासारखी आहे. १९३८ मध्ये त्यांची प्रकृती इतकी ढासळली की थंड हवेच्या ठिकाणी जा असे त्यांना सांगण्यात आले. ते गेले पवनारला, धाम नदीच्या काठी, वर्ध्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि जमीन खणायला लागले. आधी काही मिनिटे, मग थोडे जास्त, असे करत ते तासांवर आले आणि प्रकृती सुधारली. त्या खणण्यातच भरत-रामाच्या भेटीची जुनी मूर्ती सापडली, ती आज तिथल्या मंदिरात आहे. पुढे १९५० च्या सुमारास त्यांनी पवनारला दोन प्रयोग एकत्र केले: पैशाशिवाय जगणे, ज्याला ते कांचनमुक्ती म्हणत, आणि ऋषी-खेती, म्हणजे बैलाशिवाय, केवळ माणसाच्या हातांनी केलेली शेती. गीतेचा एवढा मोठा पंडित कुदळ घेऊन भाजीपाल्याच्या वाफ्यात उभा होता. आपल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात कुदळ मारून पाहिलेल्या माणसाला कळेल की हातांच्या बळावर एक कुटुंब किती जमीन कसू शकते, हा प्रश्न तिथे अंगातून घाम काढत विचारला जात होता.

मार्च १९५१ मध्ये ते पवनारहून पायी निघाले आणि १८ एप्रिलला तेलंगणात पोचमपल्लीला पोहोचले. तिथल्या दलितांनी ८० एकर जमीन मिळाली तर आम्ही कसून खाऊ असे सांगितले. विनोबांनी गावापुढे प्रश्न ठेवला, आणि रामचंद्र रेड्डी यांनी उठून १०० एकर दिले. भूदान तिथून सुरू झाले. वर्षभर स्वतः कुदळ मारून आलेल्या माणसाला ८० एकर हा आकडा कचेरीतल्या माणसाला कळतो त्याहून वेगळा कळला असणार, असा माझा समज आहे. पण भूदानात पुष्कळ जमीन बरडी आणि खडकाळ आली, कित्येक ठिकाणी वाटप कागदावर राहिले, हेही मुलांना सांगा. देणाऱ्यांनी आपल्या वावरातला जो तुकडा स्वतःलाच पिकत नव्हता तो दिला. त्याच वर्षी वरोऱ्याजवळ अशाच ५० एकर खडकाळ, झुडपी जमिनीवर बाबा आमट्यांनी आनंदवन उभे केले, आणि झडलेल्या बोटांच्या माणसांनी ती जमीन पिकवून दाखवली. तेव्हा दोष केवळ जमिनीचा नव्हता.

पापळच्या शेतकरी घरातले पंजाबराव देशमुख विलायतेत वेदवाङ्मयावर प्रबंध लिहून परत आले आणि १९५२ पासून दहा वर्षे देशाचे कृषिमंत्री होते. त्यांच्यावर स्वतंत्रच लिहावे लागेल.

तुरुंगातल्या बागांबद्दल मात्र सांगायला हवे. नेहरू १९४२ पासून अहमदनगरच्या किल्ल्यात कैद होते. तिथे त्यांनी फुलझाडांसाठी वाफे खणायला घेतले तर माती कसली, दगड-विटांचा भराव. खणता खणता जुन्या भिंती आणि घुमटांचे माथे लागू लागले. भारताच्या इतिहासावरचे जे पुस्तक त्यांनी १९४४ मध्ये तिथे लिहिले, त्याच्या सुरुवातीलाच हे खणणे आले आहे. चार हात खाली दुसरेच एक शतक आहे, हे त्यांना कुदळीने दाखवले. नेल्सन मंडेलांना केपटाऊनजवळच्या पोल्समूर तुरुंगात गच्चीवर बाग करायची परवानगी मिळाली, तेव्हा त्यांनी तेलाची १६ पिंपे मधोमध कापून ३२ कुंड्या केल्या आणि त्यांत कांदे, वांगी, कोबी, टोमॅटो अशी जवळपास नऊशे झाडे लावली. तुरुंगात आपल्या ताब्यात राहणाऱ्या मोजक्या गोष्टींपैकी बाग ही एक, असे ते म्हणत. त्याआधी रॉबेन बेटावर जोपासलेले टोमॅटोचे एक सुरेख झाड त्यांच्या हातून चुकून दुखावले आणि मेले. त्याची मुळे धुऊन त्यांनी ते मातीत पुरले आणि ते सगळे पत्नीला पत्रात लिहिले. लोक या ठिकाणी संत्र्याच्या ताणाचे रूपक वापरतात: पाणी तोडले की झाड बहरते, तसा माणूस तुरुंगात बहरतो. मला ते पटत नाही. ताण आम्ही मोजून देतो आणि वेळेवर तोडतो. दोन आठवडे चुकले तर झाड बहरत नाही, वाळते. मंडेलांचा ताण सत्तावीस वर्षांचा होता, आणि तो त्यांना सोसला यात ताणाचे श्रेय काही नाही.

तेव्हा ताई, तुमच्या परसबागेत सगळी जागा भाजीला देऊ नका. मृगाचा पहिला पाऊस पडण्याआधी तीन फूट बाय दोन फुटांचा एक तुकडा मुलांकडून खणून घ्या, त्यातली जुनी मुळे काढा, आणि भोवती चार खुंट्या ठोकून सुतळी बांधा. त्यात काहीही पेरू नका. पाऊस पडल्यावर तरोटा, केना, लव्हाळा, गाजरगवत जे काही उगवेल, त्या प्रत्येक रोपाशेजारी रोज झाडूची एक काडी रोवायला सांगा. रोप मेले तर काडी तशीच राहू द्यायची आणि वहीत तारीख लिहायची. शेजारच्या वाफ्यातली मेथी किंवा चवळी कोणी निंदली, कोणी पाणी घातले, त्यांची नावेही त्याच वहीत असू द्या. पोळ्यापर्यंत काड्या मोजा. तरोट्याची कोवळी पाने तोवर कोणीतरी भाजीसाठी खुडून नेलेली असतील. तेही मरणाच्या कारणांत लिहून घ्या.